विश्लेषण : नाणे टाका, आठ फोटो मिळवा! फोटोबूथचे जनक अनातोल जोसेफो कोण होते?

भिवंडीत यंत्रमागावर नव्याने कामाला लागलेला तरुण बँकेत खाते उघडायला निघाला, की आधी त्याला फोटो स्टुडिओची पायरी चढावी लागते. पडद्यासमोरच्या स्टुलावर बसायचे, हनुवटी जरा वर करायची, डोळे उघडे ठेवायचे. थोड्या वेळात पासपोर्ट साइजच्या आठ फोटोंचे पाकीट हातात पडते. दोन बँकेत लागतात, एक घरमालकाला भाडेकराराला द्यावा लागतो आणि एखादा गावी जातो. थोड्या पैशांत, थोड्या मिनिटांत, एकदम आठ फोटो हा हिशेब आज अगदी साधा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र तो साधा नव्हता. सप्टेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सायबेरियातून आलेल्या तिशीतल्या एका तरुणाने तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर जमवून दाखवला, आणि तोही फोटोग्राफरशिवाय. अनातोल जोसेफो हे त्याचे नाव.

जोसेफो यांचे बालपण कुठे गेले?

जोसेफो यांचा जन्म १८९४ मध्ये रशियाच्या सायबेरियात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव जोसेफेविट्झ. अमेरिकेत स्थिरावताना त्याचे ‘जोसेफो’ झाले. वडील जवाहिरे होते आणि घरची परिस्थिती चांगली होती. कोडॅक कंपनीने १९०० मध्ये एक डॉलरला विकायला आणलेला ब्राउनी हा पेटीसारखा कॅमेरा त्या पिढीतल्या अनेक मुलांना वेड लावून गेला, त्यात हा मुलगाही होता.

पंधराव्या वर्षी त्यांनी घर सोडले आणि बर्लिन गाठले. फोटोग्राफीचे शिक्षण तिथेच झाले. काचेचे निगेटिव्ह, डार्करूममधले लाल दिवे, रसायनांच्या थाळ्या आणि गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारी ती सगळी पद्धत त्यांनी आतून पाहिली. १९१२ मध्ये ते नशीब काढायला न्यूयॉर्कला गेले, पण तिथे बस्तान बसले नाही. मग युरोपात परतून त्यांनी बुडापेस्टमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला.

युद्धाने त्यांच्या आयुष्याला कोणते वळण दिले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. बुडापेस्ट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि जोसेफो रशियाचे प्रजाजन. कालपर्यंत ज्या शहरात ते लोकांचे फोटो काढत होते, तिथेच ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांच्या फिरण्यावर बंधने आली. सक्तीच्या त्या मुक्कामात त्यांच्या डोक्यात एका यंत्राचा विचार घोळू लागला. निगेटिव्ह न बनवता थेट कागदावरच फोटो उमटवता आला तर? तसे झाले तर डार्करूमचे निम्मे काम वाचते आणि उरलेले काम यंत्राकडून करून घेता येते.

याच काळात जगभर फोटोची गरजही बदलत होती. युद्धाआधी युरोपातल्या अनेक देशांत पासपोर्टशिवाय प्रवास करता येत असे. युद्धाने सरहद्दी आवळल्या आणि पासपोर्टवर फोटो चिकटवणे सक्तीचे होऊ लागले. ब्रिटनने ही सक्ती १९१५ मध्ये केली. तोवर फोटो हा सणासुदीला, लग्नाला, चांगले कपडे घालून काढायचा प्रकार होता. आता तो माणूस कोण आहे याचा पुरावाही झाला.

युद्ध संपल्यावर जोसेफो घराच्या ओढीने सायबेरियाकडे निघाले. तिथे क्रांती होऊन यादवी माजली होती. तिथून ते चीनमध्ये उतरले. शांघायमध्ये त्यांनी पुन्हा स्टुडिओ काढला आणि तो चांगला चालला. यंत्राचे आराखडेही तिथेच आकाराला आले. त्या आराखड्यांच्या जोरावर १९२३ च्या सुमारास ते पुन्हा अमेरिकेत आले. काही काळ हॉलिवूडमध्ये काढून शेवटी न्यूयॉर्कमध्ये स्थिरावले. नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक असे करत त्यांनी ११ हजार डॉलर उभे केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि हातात दाखवायला होते फक्त कागदावरचे चित्र.

नाणे टाकून फोटो काढणारे यंत्र त्याआधी नव्हते का?

होते. १८८९ मध्ये आयफेल टॉवर ज्या प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिला, त्याच पॅरिसच्या प्रदर्शनात एन्झाल्बेर नावाच्या फ्रेंच माणसाने असे यंत्र मांडले होते. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या हॅम्बुर्गमध्ये कॉनराड बर्निट यांचे ‘बॉस्को’ हे यंत्र आले. दोन्ही यंत्रे पत्र्याच्या पातळ तुकड्यावर फोटो काढत. फोटो काळपट यायचे, कधी यायचेही नाहीत, आणि यंत्राशेजारी माणूस उभा ठेवल्याशिवाय भागत नसे. जत्रेतली गंमत म्हणून ती चालली, पण धंदा म्हणून टिकली नाहीत.

त्यामुळे जोसेफो यांना फोटोबूथचे जनक म्हणताना थोडे सावध राहायला हवे. कल्पना त्यांच्या जन्माआधीची. ती दिवसभर, न थकता, खात्रीने चालेल अशी करणे हे मात्र त्यांचे काम.

यंत्राच्या पोटात काय चालायचे?

बाहेरून पाहिले तर एक कपाट, एक स्टूल, एक पडदा. आत मात्र एक अख्खी डार्करूम बसवलेली.

साध्या फोटोग्राफीत आधी निगेटिव्ह तयार होते. त्यात उजेडाची जागा काळी आणि काळोखाची जागा पांढरी दिसते. त्यावरून कागदावर पुन्हा छाप घेतली की खरा फोटो मिळतो. म्हणजे एकाच फोटोसाठी दोनदा मेहनत. बूथमध्ये फिल्मच नसते. भिंगामागे थेट फोटोच्या कागदाची पट्टी असते. दिवा चमकतो, एक फोटो उमटतो, पट्टी पुढे सरकते. पुन्हा दिवा, पुन्हा फोटो. थेट कागदावर फोटो घेतल्याने चेहरा आरशातल्यासारखा उलटा उमटतो, म्हणून भिंगापुढे लोलक बसवून तो आधीच उलटवून घेतात.

मग खरी करामत सुरू होते. यांत्रिक हात ती पट्टी उचलून एकामागून एक टाक्यांत बुडवतो. पहिल्या टाकीत जिथे उजेड पडला तिथली चांदी काळी होते, म्हणजे कागदावर निगेटिव्हच उमटते. नंतरच्या टाकीत ती काळी चांदी विरघळवून टाकली जाते आणि तिथे कागद कोरा, पांढरा उरतो. जिथे उजेड पडला नव्हता तिथली चांदी अजून कागदात असतेच. शेवटच्या रसायनात ती गडद होते आणि बघता बघता निगेटिव्हच्या जागी सरळ फोटो दिसू लागतो. अधूनमधून पाण्याने धुणे, शेवटी वाळवणे. ओलसर पट्टी फटीतून बाहेर येते.

जोसेफो यांच्या यंत्राला या सगळ्यासाठी सुमारे आठ मिनिटे लागत. एका पट्टीवर आठ फोटो असत आणि किंमत २५ सेंट, म्हणजे डॉलरची पावली. आपल्याकडे स्टुडिओत मिळणारे आठ फोटो एकाच छबीच्या आठ प्रती असतात. त्या पट्टीवर मात्र आठ वेगळ्या छब्या असत. दोन फोटोंमध्ये गिऱ्हाइकाला मान वळवायला, हसायला, टोपी काढायला वेळ मिळे.

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर रंगीत दिवे लुकलुकणारे वजनाचे यंत्र ज्यांनी वापरले आहे, त्यांना यातली मजा चटकन कळेल. नाणे आत जाते, खडखडाट होतो, आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडते. त्यावर वजन आणि सोबत भविष्य किंवा एखाद्या नटनटीचे चित्र. ब्रॉडवेवरच्या यंत्रातून येणाऱ्या पट्टीवर नटाच्या जागी गिऱ्हाइक स्वतःच असे.

ब्रॉडवेवर लोकांनी कसा प्रतिसाद दिला?

ब्रॉडवेवर ५१ व्या रस्त्याजवळ सप्टेंबर १९२५ मध्ये ‘फोटोमॅटन’ स्टुडिओ उघडला आणि बाहेर रांगा लागल्या. पहिल्या सहा महिन्यांत दोन लाख ८० हजार लोकांनी फोटो काढून घेतल्याचे सांगितले जाते. यंत्र स्वयंचलित असले तरी लोकांना त्याची सवय नव्हती. कुठे बसायचे, कुठे बघायचे हे सांगायला पांढरे हातमोजे घातलेला मदतनीस ठेवावा लागे. नाटक-सिनेमाला आलेली जोडपी, दुकानांतल्या मुली, सुट्टीवरचे खलाशी असे सगळे त्या रांगेत असत.

स्टुडिओत जाऊन फोटो काढणे आतापर्यंत अनेकांना परवडत नव्हते आणि परवडले तरी अवघडल्यासारखे होई. समोर अनोळखी फोटोग्राफर, त्याच्या सूचना, त्याच्या पसंतीची पोझ. बूथमध्ये पडदा ओढला की पाहणारे कुणी नाही. पोझ चुकली तरी लाज वाटायचे कारण नाही. जोसेफो यांच्या यंत्राचे यश स्वस्ताईत जितके होते, तितकेच या एकांतात होते.

दहा लाख डॉलरचे त्यांनी काय केले?

मार्च १९२७ मध्ये एका गुंतवणूकदार गटाने फोटोमॅटनचे अमेरिकेतले हक्क दहा लाख डॉलरला विकत घेतले. गटाचे प्रमुख होते हेन्री मॉर्गेंथाऊ, म्हणजे तुर्की साम्राज्यात अमेरिकेचे राजदूत राहिलेले थोरले मॉर्गेंथाऊ. वर्तमानपत्रांना याहून चांगली बातमी कुठली मिळणार? स्थलांतरित तरुण, चार वर्षांपूर्वी खिसा जवळपास रिकामा, आणि आता लक्षाधीश.

पण बातमीचा दुसरा भाग अधिक चकित करणारा होता. जोसेफो समाजवादी विचारांचे होते आणि या रकमेतला निम्मा वाटा लोकोपयोगी कामासाठीच्या विश्वस्त निधीला देण्याची घोषणा त्यांनी केली. श्रीमंत झाल्यावर म्हातारपणी दानधर्म करणारे पुष्कळ असतात. पहिलाच मोठा चेक हाती येताना, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी अर्धे पैसे सोडणारे विरळा.

फोटोग्राफरांच्या पोटावर पाय आला का?

हा प्रश्न भिवंडीत विचारला तर त्याला वेगळे वजन येते. इथे उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी हातमाग रुजवले आणि विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. हातमागावर एका विणकराचे हातपाय एकाच मागात गुंतलेले असत. यंत्रमागावर धोटा आपोआप फिरतो आणि एकच कामगार एका वेळी अनेक माग सांभाळतो. कापड वाढले, स्वस्त झाले, मजुरीला माणसे लांबलांबहून आली. विणकराच्या हातातली कला मात्र यंत्राच्या खडखडाटात मागे पडली.

फोटोमॅटननेही फोटोग्राफरच्या कामाचे तसेच तुकडे केले. प्रकाशाचा अंदाज घेणे, गिऱ्हाइकाला खुलवणे, नेमका क्षण पकडणे ही कामे गेली. उरले ते टाक्यांत रसायने भरणे, अडकलेली पट्टी सोडवणे, काच पुसणे, नाण्यांची पेटी रिकामी करणे. म्हणजे यंत्रामागचा माणूस गेला नाही. तो कपाटाच्या पुढच्या बाजूने मागच्या बाजूला गेला आणि त्याला फोटोग्राफर म्हणणे बंद झाले. स्टुडिओ संपले नाहीत. लग्ने, बारशी, कुटुंबाचे मोठे फोटो त्यांच्याकडेच राहिले. पण स्वस्तातला, घाईतला, छोटा फोटो हा त्यांच्या धंद्याचा रोजचा भाग यंत्राने उचलला. स्वतः फोटोग्राफर असलेल्या जोसेफो यांना हे कळत नसेल, असे मानणे कठीण आहे.

आपल्याकडे जत्रेतले फोटोवाले हा याच गरजेचा दुसरा तोडगा. रंगवलेला पडदा, पुठ्ठ्याचे विमान किंवा मोटार, त्यात बसलेले अख्खे कुटुंब. तिथे फोटोग्राफर होता, आरडाओरडा होता, बघ्यांची गर्दी होती. बूथमधला एकांत तेवढा नव्हता.

पडद्याआडच्या एकांताचा उपयोग कुणी केला?

कलावंतांनी तो फार लवकर ओळखला. फोटोमॅटनची यंत्रे १९२८ च्या सुमारास पॅरिसला पोहोचली आणि आंद्रे ब्रेतों यांच्याभोवतीचे अतिवास्तववादी कवी-चित्रकार त्यांत शिरून चित्रविचित्र चेहरे करू लागले. १९२९ मध्ये त्यांच्या नियतकालिकात रेने माग्रित यांच्या एका चित्राभोवती या मंडळींचे १६ फोटोबूथमधले चेहरे छापले गेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले. ओळखपत्रासाठी डोळे उघडे हवेत आणि यांनी नेमके ते मिटले, यातला खोडसाळपणा पासपोर्ट कार्यालयाच्या रांगेत उभे राहिलेल्या कुणालाही कळावा.

पुढे १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या अँडी वॉरहॉल यांनी एथेल स्कल या श्रीमंत कलासंग्राहक बाईंना टाइम्स स्क्वेअरजवळच्या बूथमध्ये बसवले आणि नाणी टाकत राहिले. त्या पट्ट्यांवरून ३६ चौकटींचे जे रंगीत चित्र त्यांनी बनवले, ते आज अमेरिकेच्या मोठ्या संग्रहालयांच्या मालकीचे आहे.

फोटोमॅटन कंपनीचे पुढे काय झाले?

यंत्र चांगले होते, पण ते ज्यांच्या हाती गेले ते सगळे तसे नव्हते. ब्रिटनमध्ये क्लॅरेन्स हॅट्री या वित्त व्यावसायिकाने १९२८ मध्ये फोटोमॅटनच्या नावाने कंपनी काढून शेअर विकले. हॅट्री यांचा डोलारा बनावट रोख्यांवर उभा होता. सप्टेंबर १९२९ मध्ये तो कोसळला, हॅट्री तुरुंगात गेले आणि लंडनचा शेअर बाजार हादरला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचा बाजार गडगडला. त्याची कारणे अनेक असली तरी लंडनच्या या हादऱ्याचा उल्लेख त्यांत हमखास होतो. जोसेफो यांनी त्याआधीच आपले हक्क विकले होते.

बूथ मात्र टिकला. रेल्वे स्थानके, दुकाने, जत्रा अशा ठिकाणी तो जगभर पसरला. पट्टीवरचे आठ फोटो पुढे चार झाले. १९९५ मध्ये जपानमध्ये स्टिकरवर फोटो छापून देणारी यंत्रे आली आणि शाळकरी मुलींनी ती डोक्यावर घेतली. डिजिटल कॅमेऱ्यामुळे रसायनांच्या टाक्या गेल्या. जुन्या पद्धतीची यंत्रे आता काही शहरांत हौशी मंडळींनी जिवंत ठेवली आहेत. बाकीच्यांच्या खिशात मोबाइल आहे. भिवंडीतला तो तरुणही आता गावी फोटो पाठवतो तो मोबाइलवरून. स्टुडिओत जातो तो कागदपत्रांपुरता.

जोसेफो यांचे उत्तरायुष्य कसे गेले?

मूकपटांत काम केलेल्या गॅना केलमन यांच्याशी जोसेफो यांचे लग्न झाले. पैसा आल्यावर दोघे कॅलिफोर्नियात राहायला गेले. लॉस एंजलिसजवळच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात, विनोदी नट विल रॉजर्स यांच्या सांगण्यावरून त्यांनी रस्टिक कॅन्यन या दरीत जमीन घेतली. पुढेही ते लहानमोठी यंत्रे बनवत राहिले, पण फोटोमॅटनसारखे नाव दुसऱ्या कशाला मिळाले नाही.

१९४१ मध्ये त्यांनी या दरीतली शंभरावर एकर जमीन बालवीर संघटनेला, म्हणजे बॉय स्काउट्सना दिली. तिथे उभ्या राहिलेल्या तळाला ‘कॅम्प जोसेफो’ हे नाव मिळाले. शहरातल्या मुलांच्या कित्येक पिढ्या तिथे तंबूत राहिल्या, पोहायला शिकल्या, शेकोट्या पेटवून बसल्या. यातल्या किती जणांना आपल्या पाकिटातल्या फोटोच्या पट्टीचा या नावाशी असलेला संबंध माहीत होता, कोण जाणे.

जोसेफो यांचे निधन १९८० मध्ये झाले. जानेवारी २०२५ मध्ये पॅलिसेड्स भागात भडकलेल्या वणव्यात कॅम्प जोसेफोच्या इमारती जळून गेल्या. त्यांचे ब्रॉडवेवरचे यंत्र सुरू झाल्याला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शंभर वर्षे झाली.